कोंडवाड्याचे मामा



या महिन्यात गुरुजींनी परिसर अभ्यासात 'आपले मदतनीस' हा उपक्रम दिला. प्रत्येकाने एका माणसाला भेटायचे, त्याला प्रश्न विचारायचे आणि भित्तिपत्रकासाठी माहिती लिहायची. कुणी पोस्टमन घेतला. कुणी एस.टी.चे कंडक्टर घेतले. कुणी आशाताई घेतल्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, मी कोंडवाड्याचे मामा घेते." सगळा वर्ग हसला. मागून एक जण म्हणला, "ते कशाचे मदतनीस? ते तर ढोरं कोंडून ठेवतात!"

गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "घे. पण का घेतलं त्याचं कारण लिही." म्हणून मी आधी कारण लिहिते आणि मग माहिती लिहिते.

आमची तांबडी

आमचे गाव पाथरी तालुक्यात आहे. आमच्या घरी एक गाय आहे. ती लाल कंधारी जातीची आहे. ही जात मूळची नांदेड जिल्ह्यातल्या कंधार भागातली. आपल्या परभणी जिल्ह्यातही पुष्कळ लोक ती पाळतात. या जातीची जनावरे तांबड्या लाल रंगाची असतात. म्हणून आमच्या गाईचे नाव तांबडी.

मागच्या हिवाळ्यात बाबा ऊसतोडीला गेले होते. घरी आई, आजी आणि मी. तांबडी गाभण होती. एका रात्री तिने दावे तोडले. सकाळी पाहतो तर गोठा रिकामा. आम्ही ओढ्याकडे शोधले. जायकवाडीच्या कॅनॉलच्या कडेने शोधले. तांबडी सापडली नाही. त्या रात्री कुणी नीट जेवले नाही. दुसऱ्या दिवशी कळले की ती दुसऱ्याच्या रानात शिरली होती. तिने हरभरा खाल्ला आणि तुडवला. त्या शेतकऱ्याने तिला हाकत नेऊन जवळच्या एका गावातल्या कोंडवाड्यात घातले होते.

आजीने कोंडवाड्याच्या माणसाला लई शिव्या दिल्या. मला रडू आले. मी ऐकले होते की कोंडवाड्यात जनावरांना उपाशी ठेवतात आणि काठीने मारतात.

मी आणि आई पायी गेलो. कोंडवाडा म्हणजे दगडी भिंतीचे मोठे आवार असते. त्याला एक लोखंडी फाटक होते. आत पाण्याचा हौद होता आणि एका बाजूला पत्र्याचे छप्पर होते. सात-आठ जनावरे होती. तांबडी छपराखाली वेगळी बांधली होती. तिच्या पुढे कडबा होता. थंडी होती म्हणून पाठीवर गोणपाट टाकले होते.

तिथले मामा आईला म्हणाले, "ताई, गाय गाभण हाय. म्हून बैलापासून लांब बांधली. धक्का लागला असता."

आई गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "दादा, घरचे ऊसतोडीला गेलेत. दंड थोडा कमी करा."

मामा म्हणाले, "ते मपल्या हातात नाही, ताई. पावती फाडावीच लागते. आज तुम्हाला सोडलं तर उद्या दुसऱ्याला काय सांगू?"

आई परत गावात आली. बचत गटातून पैसे घेतले आणि संध्याकाळी पुन्हा गेली. दंड भरला, चाऱ्याचा खर्च भरला, पावती घेतली. मग तांबडी घरी आली. वाटेत मी म्हणाले, "आई, ते मामा वाईट आहेत. त्यांनी पैसे घेतले." आई म्हणाली, "वाईट असते तर गाय उपाशी ठेवली असती. आन् हरभऱ्याचं आपल्याकडून नुकसान झालंच की."

पुढे काही दिवसांनी तांबडीला कालवड झाली. आईने चिकाचा खरवस केला. एक डबा त्या शेतकऱ्याच्या घरी दिला आणि एक डबा मामांना नेऊन दिला. मामा म्हणाले, "पोरी, ज्यानं दंड घेतला त्याला कुणी खरवस आणून देत नसतं." पण त्यांनी तो खाल्ला.

हे माझे कारण आहे.

मामांना विचारलेले प्रश्न

या रविवारी मी वही घेऊन मामांकडे गेले. सोबत आजी आली. मी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे अशी:

प्रश्न : तुमच्याकडे जनावरे कशी येतात?
उत्तर : कुणी शेतकरी आपल्या रानात शिरलेलं ढोर हाकत आणतो. कधी रस्त्यावर बसलेली मोकाट जनावरं ग्रामपंचायतीची माणसं आणतात.

प्रश्न : जनावर आले की आधी काय करता?
उत्तर : आधी पाणी दाखवतो. मग वहीत लिहितो. तारीख, वेळ, कुणी आणलं, रंग कोणता, शिंगं कशी, कानात बिल्ला हाय का, अंगावर जखम हाय का.

प्रश्न : जखम कशाला लिहिता?
उत्तर : नाही लिहिली तर मालक म्हणतो, तुम्हीच मारलं. आन् जखम दिसली तर ढोराच्या डॉक्टरला बोलावता येतं.

प्रश्न : सगळ्यात अवघड काम कोणते?
उत्तर : बिथरलेला वळू आत घेणं. त्याच्या मागं पळायचं नाही, वरडायचं नाही. कडब्याची पेंढी दाखवायची आणि वाट पाहायची. (मामांच्या उजव्या हातावर शिंग लागल्याची लांब खूण आहे. ती त्यांनी मला दाखवली.)

प्रश्न : लोक तुम्हाला बोलतात का?
उत्तर : दोन्हीकडून बोलतात. ढोराचा मालक म्हणतो, कामून कोंडलं? शेताचा मालक म्हणतो, कामून सोडलं? एकदा तर रातच्याला कुणीतरी कुलूप तोडून बैल नेला. जबाबदारी माझ्यावर आली.

प्रश्न : तुम्हाला वाईट कशाचे वाटते?
उत्तर : म्हातारं झालेलं, आटलेलं जनावर असलं की मालक न्यायलाच येत नाही. ते रोज फाटकाकडं बघत उभं राहतं.

प्रश्न : आणि बरे कधी वाटते?
उत्तर : मालकाचा आवाज ऐकून जनावर हंबरतं ना, तवा.

शेवटच्या उत्तरावर आजी काही बोलली नाही. तिने डोळ्याला पदर लावला.

कोंडवाड्याचा जुना कायदा

कोंडवाडा किती जुना आहे, हे मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी सांगितले की इंग्रज सरकारने १८७१ साली गुरांच्या कोंडवाड्याचा कायदा केला. त्या वेळी आपल्या परभणी जिल्ह्यात निजामाचे राज्य होते. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. म्हणजे तो कायदा आधी इंग्रजांच्या मुलखासाठी होता. त्यातल्या काही गोष्टी मला आवडल्या. त्या अशा:

(१) शेतात शिरून नुकसान करणारे जनावर शेतकऱ्याने पकडावे आणि २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावे. आपल्या घरी डांबून ठेवू नये.
(२) कोंडवाड्याच्या राखणदाराने ते जनावर वहीत लिहावे. त्याला चारापाणी द्यावे.
(३) दवंडी पिटून, नोटीस देऊनही मालक आला नाही तर जनावराचा जाहीर लिलाव करावा.
(४) त्या लिलावात राखणदाराने किंवा पोलिसाने जनावर विकत घेऊ नये.

चौथी गोष्ट ऐकून आजी म्हणाली, "बरं हाय. राखणारानंच लाटायचं नाही."

त्या कायद्यात दंडाची यादीही होती. हत्तीला २ रुपये. उंट किंवा म्हैस असेल तर ८ आणे. घोडा, बैल, गाय यांना ४ आणे. वासरू, गाढव, डुक्कर यांना २ आणे. मेंढी आणि शेळी यांना १ आणा. त्या वेळी १६ आण्यांचा एक रुपया होत असे. मग मी गणित केले. एका हत्तीचा दंड म्हणजे किती शेळ्यांचा दंड? (उत्तर या लेखाच्या शेवटी आहे. आधी तुम्ही करून पाहा.)

कोंडवाडा कशासाठी करतात? शेतकऱ्याचे पीक वाचावे, त्याने रागाने जनावराला मारू नये आणि दोन घरांत भांडण होऊ नये म्हणून. जनावराला क्रूरपणे मारणे हा गुन्हा आहे. त्यासाठी १९६० साली भारत सरकारने वेगळा कायदा केला आहे.

आणखी एक कारण आहे. आपल्या पाथरीवरून कल्याण–निर्मल महामार्ग जातो. त्याचा क्रमांक ६१ आहे. पावसाळ्यात रानात चिखल आणि डास असतात. म्हणून मोकाट जनावरे कोरड्या डांबरी रस्त्यावर येऊन बसतात. अंधारात काळी म्हैस गाडीवाल्याला दिसत नाही. मग माणूसही पडतो आणि जनावरही मरते. रस्त्यावरून जनावर उचलून नेणारा माणूस दोघांचाही जीव वाचवतो.

हेच काम करणारे आणखी मदतनीस

मामा म्हणाले, "माझं एकट्याचं काय लिहितीस? ढोराच्या डॉक्टरचं लिही. कुत्री पकडणाऱ्यांचं लिही." म्हणून त्यांचीही माहिती मिळवली.

ढोरांचे डॉक्टर

२०२२ साली गाईबैलांना लम्पी नावाचा रोग आला. त्या वर्षी महाराष्ट्रात तो पहिल्यांदा ऑगस्ट महिन्यात जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यात दिसला. मी तेव्हा लहान होते, पण मला आठवते. जनावराच्या अंगावर गाठी येतात, ताप येतो, पाय सुजतात, ते खात नाही. हा रोग विषाणूमुळे होतो. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड तो पसरवतात. माणसाला तो होत नाही.

त्या वेळी जनावरांचे बाजार बंद केले होते. जिथे रोग सापडेल तिथून पाच किलोमीटरच्या आतल्या गावांत गाईबैलांना लस टोचायची असे ठरले. ती लस शेळ्यांच्या देवी रोगावरची होती, पण ती गाईबैलांनाही उपयोगी पडली. पुढे सगळीकडेच लस दिली. डॉक्टर आणि त्यांचे मदतनीस गोठ्यागोठ्यात फिरले. काही लोक म्हणत, टोचू नका, दूध कमी होईल. डॉक्टर समजावून सांगत. ज्यांची जनावरे मेली त्यांना सरकारने मदत दिली. दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये. पण पैसे मिळाले तरी गोठ्यातले जनावर परत येत नाही.

जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो. त्यावर १२ अंकांचा नंबर असतो. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावरांची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही असा नियम झाला. मामा म्हणाले, बिल्ला असला की मालक लवकर सापडतो. आमच्या तांबडीला तेव्हा बिल्ला नव्हता. असता तर ती एक रात्र आधीच घरी आली असती.

मुरुंब्याच्या कोंबड्या

मुरुंबा हे गाव आपल्याच जिल्ह्यात, परभणी तालुक्यात आहे. जानेवारी २०२१ मध्ये तिथे सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. त्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत पाठवले. तो बर्ड फ्लू निघाला. मग रोग पसरू नये म्हणून आसपासच्या कोंबड्याही माराव्या लागल्या. पशुसंवर्धन खात्याची माणसे अंगभर पांढरा पोशाख, चष्मा, हातमोजे घालून गेली आणि ते काम केले.

हे वाचून मला वाईट वाटले. ज्या कोंबड्या दिसायला चांगल्या होत्या त्या का माराव्यात, असे मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "एका गावात रोग थांबवला नाही तर तो दुसऱ्या गावात जातो, आणि माणसालाही होऊ शकतो. ज्यांनी आयुष्यभर जनावरांना औषध दिलं, त्यांनाच हे काम करावं लागतं. त्यांना ते आवडत असेल का?" मी म्हणाले, नाही.

कुत्री पकडणारी माणसे

कुत्री पकडणारी गाडी आली की आपण पोरं गाडीच्या मागे ओरडत पळतो. ते चुकीचे आहे. त्याने कुत्री बिथरतात आणि पकडणाऱ्याला चावतात.

पिसाळलेले कुत्रे चावले तर रेबीज होतो. तो एकदा अंगात दिसायला लागला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर रेबीज होत नाही. फ्रान्स देशात ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर नावाच्या मुलाला लुई पाश्चर यांनी तयार केलेली लस टोचायला सुरुवात झाली. त्याला पिसाळलेल्या कुत्र्याने चावले होते. तो नऊ वर्षांचा होता, म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान. त्याला तेरा वेळा टोचले. तो वाचला. पाश्चर यांचे निधन २८ सप्टेंबर १८९५ रोजी झाले. म्हणून २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन पाळतात.

पूर्वी मोकाट कुत्र्यांना मारून टाकत. २००१ साली सरकारने नवे नियम केले आणि २०२३ साली ते पुन्हा सुधारले. या नियमांप्रमाणे कुत्र्याला जाळी टाकून पकडतात, पिल्ले होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया करतात, रेबीजची लस देतात आणि ज्या गल्लीतून आणले तिथेच सोडतात. ओळखण्यासाठी कानाला एक छोटी खाच करतात. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वे स्थानके इथली मोकाट कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावीत, परत तिथे सोडू नयेत.

कुत्रे पकडणाऱ्या माणसाला स्वतःला चावा बसण्याची भीती असते. म्हणून त्याला आधीच रेबीजची लस घेऊन ठेवावी लागते. तो आपल्यासाठी हे करतो.

आपण काय करायचे?

मी मामांना शेवटी विचारले, "आम्ही पोरांनी तुम्हाला काय मदत करावी?" त्यांनी आणि गुरुजींनी सांगितले ते लिहिते:

१) रात्री झोपण्याआधी गोठ्यात जाऊन दावे पाहावे. झिजलेले असेल तर घरी सांगावे.
२) आपल्या जनावराच्या कानात बिल्ला मारून घ्यावा. नंबर घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा.
३) दुसऱ्याचे जनावर आपल्या रानात आले तर दगड मारू नये. हाकून बाहेर काढावे आणि मोठ्या माणसाला सांगावे.
४) जनावर आजारी असेल तर लगेच ढोरांच्या दवाखान्यात सांगावे. १९६२ या नंबरवर फोन लावला तर सरकारचे फिरते पथक येते.
५) कुत्रे चावले किंवा नख लागले तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. तिखट, हळद, चुना लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. डॉक्टर सांगतील तेवढी सगळी इंजेक्शने घ्यावीत, मध्येच सोडू नयेत.
६) कुत्रे चावले हे घरच्यांपासून लपवू नये. मार बसला तरी चालेल.
७) पकडणारी माणसे आली की ओरडू नये, जनावरांना डिवचू नये.

आईवडिलांसाठी मामांनी एक निरोप दिला आहे. ते म्हणाले, "जनावर म्हातारं झालं म्हून रातच्याला दूर नेऊन सोडू नका. ते वाट पाहतं."

शेवट

आम्ही निघालो तेव्हा आजीने पिशवीतून चार भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढून मामांना दिली. आजी म्हणाली, "दादा, म्या तुमाला त्या दिवशी लई बोलले. तुमाला ऐकू गेलं नाही, पण म्या बोलले." मामा हसून म्हणाले, "मावशी, मला रोजच कुणीतरी बोलतं. तुमी निदान येऊन सांगितलं."

बाबा आता घरी आहेत. त्यांनी तांबडीला नवीन जाड दावे केले आहे आणि बिल्लाही मारून घेतला आहे. कालवड मोठी होत आहे. ती पण उनाड आहे. तिच्या दाव्याची गाठ रोज रात्री मी स्वतः पाहते.

वर्गात जे हसले त्यांच्यावर माझा राग नाही. मी पण आधी मामांना वाईटच समजत होते. पण माझे म्हणणे असे आहे की पोस्टमन पत्र आणतात, म्हणून ते सगळ्यांना आवडतात. मामा दंड घेतात, म्हणून ते कुणाला आवडत नाहीत. तरी ते रोज सकाळी हौद भरतात. म्हणून तेही आपले मदतनीस आहेत. ते वाटेत दिसले तर नमस्कार करा.

गणिताचे उत्तर : २ रुपये म्हणजे ३२ आणे. एका शेळीला १ आणा. म्हणून एका हत्तीचा दंड म्हणजे ३२ शेळ्यांचा दंड.

 लिहिण्यात काही चूक झाली असेल तर माफ करावी.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. पाथरी, जि. परभणी